लेकरांच्या वाटणीचा तुकडा
मटण, मासळी, अंडी यांची आठवडाभराची आखणी

आपल्या वस्त्यांत मटणाचा वार म्हणजे रविवार. सकाळी विहारात वंदना होते आणि परतताना कोणी खाटकाच्या दुकानासमोर रांगेत उभे राहते, तर कोणी पिशवी घेऊन मासळी बाजाराकडे वळते. दुपारी घराघरांतून वाटणाचा वास सुटतो. आठवडाभर हाडाची काडे करणाऱ्या माणसाला हा आनंद मिळालाच पाहिजे.

आम्हांस काळजी वाटते ती सोमवार ते शनिवारची. रविवारी एक किलो मटण येते, पाहुणेरावळे जेवतात, पातेले पुसून रिकामे होते. आणि पुढचे सहा दिवस लेकरांच्या ताटात पातळ वरण, बटाट्याची भाजी, नाहीतर चहात बुडवलेली चपाती. वाढत्या अंगाला रोज थोडे थोडे लागते. एका दिवशी पोटभर खाल्ले म्हणून सहा दिवसांची भूक भागत नाही.

ही भूक वरून दिसत नाही. पोर खेळते, हसते; पण जिना चढताना धापा टाकते, वर्गात पेंगते. आपण त्याला आळशी म्हणतो आणि दोन धपाटे घालतो. २०१९ ते २०२१ या काळात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी झाली. त्यात सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या दर १०० बालकांमागे ६७ बालकांच्या अंगात रक्त कमी आढळले. यांत आपली लेकरे नाहीत असे कोण म्हणेल? शिका, असे बाबासाहेबांनी सांगितले. शिकण्यासाठी डोके जागे राहावे लागते आणि डोके जागे राहायला अंगात रक्त लागते. म्हणून रात्रीच्या ताटाचा प्रश्न हा शिक्षणाचाही प्रश्न आहे.

सरकारच्या भरवशावर बसावे तर अनुभव काय सांगतो? नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रात शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडे देण्याचा निर्णय झाला. जे अंडे खात नाहीत त्यांना केळे. व्यवस्था चांगली होती, कोणावर जबरदस्ती नव्हती. जानेवारी २०२५ मध्ये शासनाने अंड्यासाठीचा वेगळा निधी बंद केला आणि ज्यांना अंडे द्यायचे त्यांनी लोकवर्गणीतून द्यावे असे सुचवले. ज्यांच्या घरी अंडे परवडत नाही त्यांच्याच मुलांसाठी शाळेतले अंडे होते. आता वर्गणीही त्यांनीच काढायची काय? त्याआधी २०१५ साली राज्यात बैल आणि वळू यांच्या कत्तलीवर बंदी आली. ज्या कष्टकरी घरांत ते स्वस्त मांस येत होते त्यांच्या ताटातला घास तेव्हाच गेला होता.

हक्काची मागणी आपण करीत राहूच. पण मागणी मान्य होईपर्यंत लेकराची वाढ थांबून राहत नाही. म्हणून घरात येणाऱ्या त्याच पैशांत काय करता येईल, याचा विचार या लेखात करू.

बुद्ध, बाबासाहेब आणि आपले ताट

बौद्धाने मांस खावे काय, असे शेजारीपाजारी विचारतात. कधी आपली शाळेत जाणारी मुलगीच विचारते. तिला उत्तर देता आले पाहिजे.

मज्झिम निकायातील जीवक सुत्तात भगवान बुद्धांनी भिक्खूंसाठी नियम सांगितला आहे. प्राणी आपल्यासाठी मारल्याचे पाहिले असेल, ऐकले असेल किंवा तशी शंका असेल, तर ते मांस घेऊ नये. या तीन गोष्टी नसतील तर भिक्षेत आलेले मांस वर्ज्य नाही. देवदत्ताने सर्व भिक्खूंना मासे-मांस कायमचे बंद करावे अशी मागणी केली, तेव्हा बुद्धांनी ती मान्य केली नाही. ज्याला सोडायचे त्याने सोडावे, सक्ती नको, ही त्यांची भूमिका होती. बाबासाहेबांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात अहिंसेचा विचार करताना मारण्याची हौस आणि जगण्याची गरज यांत फरक केला आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दिलेल्या २२ प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे, दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. मांसाहार बंदीची प्रतिज्ञा नाही.

तेव्हा ज्या बौद्ध घरांनी मांसाहार सोडला त्यांचा आदर करावा. जे खातात त्यांनी मान खाली घालू नये. नवसाचा बोकड आणि कंदुरी आपण सोडली, ती सोडलेलीच राहू द्यावी. जीव गेला आहे याची जाणीव ठेवून घेतलेले अन्न वाया घालवू नये. पौर्णिमेला बऱ्याच घरी उपोसथ पाळतात, साधे जेवण करतात. त्या दिवशी लेकरांना उसळ, शेंगदाणे, दूध-दही द्यावे.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला परिषद भरली. तेथे बाबासाहेबांनी आपल्या लोकांना मेलेल्या जनावराचे मांस सोडायला सांगितले. आपल्या आज्या-पणज्यांनी पोटाला चिमटा घेऊन ते ऐकले. गावाने टाकलेले खाणार नाही, असा तो निर्धार होता. आज आपण जे विकत आणतो ते आपल्या कष्टाच्या पैशाचे असते. ते ताजे असावे, स्वच्छ असावे आणि पारखून घेतलेले असावे, हा त्याच निर्धाराचा पुढचा भाग आहे. खाटकाने काहीही पिशवीत घालावे आणि आपण मुकाट घरी यावे, हे दिवस गेले.

पण या इतिहासाचा एक उलटा परिणामही दिसतो. शिकलेल्या, नोकरीला लागलेल्या काही घरांत कलेजी, वजडी, पाया यांची लाज वाटू लागली आहे. हे जुन्या दिवसांचे खाणे, असे म्हणतात. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५ साली आलेल्या पुस्तकात मराठवाड्यातील आपल्या माणसांच्या स्वयंपाकाची नोंद केली. आता ते पुस्तक इंग्रजीतही गेले आहे. जे आपल्या आयांनी चुलीपुढे बसून केले ते जगाने वाचावे असे ठरले, मग आपणच का लाजावे? बाबासाहेबांनी सोडायला सांगितले ते मेलेल्या जनावराचे मांस. ताज्या कापलेल्या बोकडाची कलेजी ही वेगळी गोष्ट आहे. रक्तवाढीसाठी लागणारे लोह तिच्यात भरपूर असते. लाज सोडावी, कलेजी धरावी.

पैसे तेच, वार चार

आता हिशेब मांडू. भाव गावागावाला वेगळे असतात. पण साधारणपणे एक किलो मटणाच्या पैशांत ब्रॉयलर कोंबडी दोन ते तीन किलो येते. म्हणजे रविवारी एक किलोऐवजी अर्धा किलो मटण आणले, तर उरलेल्या पैशांत एक डझन अंडी, अर्धा किलो कोंबडी किंवा लहान मासळी आणि थोडी सुकट एवढे बसू शकते. मायबाप, आजी आणि दोन मुले अशा पाच जणांच्या घराची आखणी अशी करता येईल:

रविवार – अर्धा किलो मटणाचा रस्सा, त्यात बटाटे घालून. कलेजीचा तुकडा मुलांसाठी वेगळा.
सोमवार – मटकीची किंवा हरभऱ्याची उसळ, भाकरी, लिंबू.
मंगळवार – अंड्यांचा रस्सा, भात.
बुधवार – सुकट किंवा जवळ्याची चटणी, घट्ट वरण, भाकरी.
गुरुवार – पालेभाजी घातलेली डाळ, शेंगदाण्याची चटणी.
शुक्रवार – मासळी. न मिळाल्यास अर्धा किलो कोंबडी.
शनिवार – अंड्यांची भुर्जी, चपाती.

ही आखणी दगडावरची रेघ नव्हे. तुमचा आठवडी बाजार ज्या वारी असेल त्या वारी मासळी घ्या. पगाराची तारीख, पाळी-पाळीचे काम, सासूबाईंचे पथ्य पाहून वार बदला. मूळ गोष्ट एवढीच ध्यानात ठेवावी की मांस, मासळी किंवा अंडे आठवड्यातून चार-पाच रात्री ताटात आले पाहिजे, थोडे का असेना.

थोडे का चालते? सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे २३ ग्रॅम प्रथिने लागतात. एका अंड्यातून सहा ग्रॅमच्या आसपास मिळतात. बाकीची डाळ, भाकरी, दूध, शेंगदाणे यांतून येतात. शिवाय मांस-मासळीतले लोह अंगी लवकर लागते, आणि त्याच जेवणातल्या डाळीचे, भाकरीचे, पालेभाजीचे लोहही ते अंगी लागायला मदत करते. म्हणून दोन तुकडे ताटात असले की सगळ्या ताटाची किंमत वाढते. लिंबू पिळले तर आणखी फायदा. जेवणावर लगेच चहा मात्र देऊ नये. चहाने लोह अंगी लागत नाही.

मटण पारखताना

ताजे मटण गुलाबीसर लाल असते, चरबी पांढरी असते. हाताला चिकट लागत नाही, आंबूस वास येत नाही. मांस काळपट लाल आणि चरबी पिवळी असेल तर जनावर वयस्क समजावे. ते शिजायला वेळ घेते आणि मुलांच्या दातांखाली चिवट लागते. रश्श्यासाठी पुढचा पाय आणि सीना, लेकरांना चोखायला एखादी नळी, आणि खिम्यासाठी मांडी मागावी. खिमा आधी करून ठेवलेला घेऊ नये. तुकडा निवडावा आणि डोळ्यांदेखत करून घ्यावा, म्हणजे त्यात चरबी आणि कातडीची भर पडत नाही. अर्धा किलो घेणाऱ्याला खाटीक कधी कधी नुसती हाडे आणि पडदे भरून देतो. गिऱ्हाईक अर्ध्या किलोचे असो की पाच किलोचे, पैसे रोख मोजते. “दादा, हा तुकडा नको, तो द्या,” असे मोकळेपणाने सांगावे.

कोंबडी जिवंत निवडायची असेल तर तरतरीत, डोळे स्वच्छ असलेली पाहावी. पंख पाडून गप्प बसलेली नको. कापून ठेवलेली असेल तर कातडी बुळबुळीत नसावी. गावरान कोंबडी चवीला उजवी, पण महाग असते. लेकरांच्या पोषणासाठी ब्रॉयलरही पुरते. अंडे पाण्यात टाकले आणि आडवे बुडाले तर ताजे, तरंगले तर टाकून द्यावे.

मांस घरी आणल्यावर उन्हाळ्यात ओट्यावर पडून राहू देऊ नये. दुपारी आणून रात्री करायचे असेल तर फ्रिजमध्ये ठेवावे. फ्रिज नसेल तर शिजवायच्या वेळीच आणावे. ज्या विळीवर कोंबडी कापली त्याच विळीवर न धुता कांदा-काकडी चिरू नये. पोरांची पोटे अशानेही बिघडतात. उरलेला रस्सा निवल्यावर लगेच फ्रिजमध्ये ठेवावा आणि खाताना खळखळून उकळावा. फ्रिज नसलेल्या घरी त्या दिवसापुरतेच करावे.

मासळी: मोठीपेक्षा लहान बरी

मासळीचे नाव निघाले की पापलेट आणि सुरमई डोळ्यांपुढे येते, आणि भाव ऐकून आपण माघारी फिरतो. पण लेकरांच्या अंगाला बांगडा, तारली, मांदेली, बोंबील हीच मासळी चांगली. बांगडा आणि तारलीत मेंदूच्या वाढीला उपयोगी असा स्निग्धांश असतो. मांदेली कुरकुरीत तळली की काट्यासकट खाता येते आणि हाडांना चुना मिळतो. मुशीसारख्या मोठ्या माशांच्या अंगात पारा साठत जातो, लहान मासळीत तो कमी असतो. म्हणजे जे स्वस्त तेच गुणकारी, असा हा एक सौदा गरिबाच्या बाजूने आहे.

मासा घेताना डोळा पाहावा. तो चमकदार आणि फुगीर असावा, आत गेलेला नसावा. कल्ला उचलून पाहावा. आत लालभडक असेल तर ताजा. अंगावर बोट दाबले तर खड्डा लगेच भरून आला पाहिजे. पापलेट घ्यायचाच असेल तर कल्ल्याजवळ दाबून पाहतात. पांढरे पाणी आले तर ताजा, लालसर आले तर शिळा. कोळंबीचे डोके घट्ट असावे. तिसऱ्यांची तोंडे मिटलेली असावीत. लेकराला कोळंबी पहिल्यांदा देताना एकदोनच द्यावी. काहींच्या अंगावर गांध्या उठतात.

समुद्रापासून लांब राहणाऱ्या आपल्या विदर्भ-मराठवाड्यातील भगिनी म्हणतील की आम्हांला बांगडा कुठला? तुमच्याकडे तलाव आणि धरणे आहेत. रोहू, कटला, मरळ, चिलापी आठवडी बाजारात येते. उजनी धरणाची चिलापी तर दूरदूर जाते. लेकरांसाठी चिलापी सोयीची, कारण रोहू-कटल्याच्या मांसात जे बारीक दुतोंडी काटे असतात ते तिच्यात नसतात. रोहू घेतला तर मुलांना पोटाकडचा तुकडा द्यावा. तिथले काटे मोठे, सहज दिसणारे असतात. शेपटीकडचा मोठ्या माणसांनी घ्यावा.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना महाराष्ट्राच्या समुद्रात मासेमारीची बंदी असते. त्या दिवसांत बाजारात येणारी समुद्राची मासळी बरीचशी बर्फातली किंवा बाहेरची असते. म्हणून कोकणातल्या बाया पावसाळ्याआधी आगोटची बेगमी करतात. आपणही एप्रिल-मे महिन्यांत सुकट, जवळा, सुके बोंबील घेऊन ठेवावेत. सुकी मासळी खडखडीत वाळलेली असावी, तिला दमट वास किंवा बुरशी नसावी. घरी आणल्यावर पुन्हा एक-दोन उन्हे द्यावीत आणि घट्ट झाकणाच्या डब्यात भरावी. खारवलेली मासळी लेकरांना कमीच द्यावी.

लेकरांना आवडेल असे

“आमचा मुलगा मटणच खात नाही,” अशी तक्रार बऱ्याच आया करतात. मुलाचे बरोबर असते. आपला रस्सा म्हणजे जाळ. मराठवाड्यात येसर, खानदेशात काळा मसाला, कोल्हापुरात कांदा-लसूण मसाला, नागपुरात सावजी. पाच वर्षांच्या जिभेला यांतले काय सोसणार? आपणच त्याच्या डोळ्यांतून पाणी काढतो आणि तो खात नाही म्हणून बोलतो.

यावर सोपा उपाय आपल्याच स्वयंपाकात आहे. मटण आधी हळद, मीठ, आले-लसूण आणि चिरलेला कांदा घालून कुकरमध्ये मऊ शिजवावे. झाकण काढल्यावर मसाला घालण्याआधी लेकरांच्या वाटीत हे अळणी पाणी आणि त्यातले मऊ तुकडे काढावेत. त्यात भात कुस्करावा, लिंबू पिळावे. मग उरलेल्याला हवी तेवढी फोडणी द्यावी. एकाच पातेल्यात दोन्ही होते, गॅसही जादा जळत नाही. आणि मोठी गोष्ट अशी की लेकरांचा वाटा सगळ्यांच्या आधी निघतो.

खिमा मुलांना आवडतो, कारण चावायचे कष्ट नाहीत. पाव किलो खिम्यात एक वाटी मसूर डाळ घालून शिजवावी. पाच माणसांना पुरते. उरलेला खिमा कोरडा करून उकडलेल्या बटाट्यात मळावा आणि थापून तव्यावर टिक्क्या भाजाव्यात. पोरे मागून मागून खातात.

कलेजी जास्त वेळ शिजवली की रबरासारखी होते, आणि तिथेच मुलांचे मन उडते. लहान तुकडे करावेत, मीठ-लिंबू लावून दहा मिनिटे ठेवावेत, धुवावेत. थोड्या तेलात कांदा, आले-लसूण, टोमॅटो परतून त्यात कलेजी घालावी. आतला लालपणा गेला की लगेच उतरावी. दहा मिनिटांच्या आसपास होते. आठवड्यातून एकदा पुरे. पोटुशी असलेल्या बाईने मात्र कलेजी वरचेवर खाऊ नये. तिच्यातले अ जीवनसत्त्व जास्त झाले तर गर्भाला सोसत नाही.

मांदेली साफ करून हळद, मीठ, लिंबू, थोडी मिरचीपूड लावून, तांदळाच्या पिठात रवा मिसळून त्यात घोळवावी आणि कुरकुरीत तळावी. बोंबील चिरून वजनाखाली दाबून पाणी काढले तर तसाच कुरकुरीत होतो. जवळा कोरडा भाजून, चाळून, वाळू जाईपर्यंत धुऊन घ्यावा. कांदा आणि टोमॅटो भरपूर घालून परतावा. भाकरीचा घास आपोआप उतरतो.

तान्ह्याला सहा महिने पूर्ण झाल्यावर वरचे अन्न सुरू करतो, तेव्हाच पूर्ण उकडलेले अंडे, काटे काढून कुस्करलेली मासळी, मऊ खिमा थोडा थोडा देता येतो. तीन वर्षांच्या आतल्या मुलासाठी प्रत्येक घास आपल्या बोटांनी चाचपून भरवावा. डोळ्यांना न दिसलेला काटा बोटांना लागतो.

लेकरू फार फिकट दिसत असेल, सारखे दमत असेल, माती-खडू खात असेल, तर नुसत्या कलेजीवर विसंबू नये. आरोग्य केंद्रात नेऊन रक्त तपासावे, लोहाच्या गोळ्या घ्याव्यात. जंताची गोळी वर्षातून दोनदा मिळते, ती चुकवू नये. पोटात जंत असले तर वाढलेले अन्न लेकराला लागत नाही.

वाढताना

आता अवघड गोष्टीकडे येऊ. चांगले आणले, चांगले शिजवले, वाढले कोणाला?

बऱ्याच घरांत अजून पुरुषांची पंगत आधी बसते. नळी, कलेजी, मांडीचे तुकडे तिथे संपतात. मग मुलगे. मग मुली. शेवटी घरची बाई पातेल्यात भाकरी फिरवते आणि “मला रस्साच आवडतो” म्हणते. आम्ही विचारतो, खरेच आवडतो काय? दहा ते बारा वर्षांच्या मुलीला दिवसाला सुमारे ३३ ग्रॅम प्रथिने लागतात, त्याच वयाच्या मुलाला ३२. म्हणजे लेकीची गरज तसूभरही कमी नाही. त्यात पाळी सुरू झाली की तिचे लोह दर महिन्याला जाते. ज्या धम्मात आपण समतेचे नाव घेतो त्या धम्माच्या घरात तुकडा मुलगा-मुलगी पाहून वाढला जात असेल, तर विहारातली वंदना दारातच अडली असे समजावे. सर्वांनी एकत्र बसावे, तुकडे मोजून वाढावेत. मोजण्यात कमीपणा नाही. मोजले नाही की दुबळ्याचे कमी होते.

दुसरी गोष्ट बाटलीची. रविवारी मटणाशेजारी बाटली आली की तळलेली कलेजी आणि कोंबडीचे तुकडे चखण्यात जातात, आणि लेकरे दाराआडून पाहत राहतात. आषाढ संपताना तर वस्त्यांत गटारीची धामधूम असते. गटारी आपली नाही, आणि दारू न पिण्याची प्रतिज्ञा मात्र आपली आहे. त्या एका बाटलीच्या पैशांत घरात अंड्यांचे आख्खे खोके येते. बंधूंनो, हे आम्ही टोचून बोलत नाही. हा हिशेब तुम्हीच एकदा कागदावर मांडून पाहा.

शाळेचा डबा

शेवटी डब्याविषयी. काही शाळांत डब्यात अंडे-मासे आणू नका असे सांगतात, काही ठिकाणी वर्गातली मुले नाक दाबतात. मग आपले पोर डबा झाकून खाते, किंवा आज भाजी होती असे खोटे बोलते. हे खोटे फार लहानपणी शिकवले जाते आणि फार उशिरापर्यंत टिकते. लेकराला घरीच सांगून ठेवावे की आपण हे खातो, स्वच्छ करून खातो, आपल्या कष्टाचे खातो. कोणाच्या ताटाला नावे ठेवत नाही आणि आपल्या ताटाला ठेवू देत नाही. शाळेचा नियम असेल तर पालकसभेत जाऊन नियम कशासाठी आहे हे शांतपणे विचारावे, आणि शाळेतल्या अंड्याचे काय झाले हेही त्याच सभेत विचारावे. शाळा व्यवस्थापन समितीत पालक असतात; तिथे आपली माणसे गेली पाहिजेत.

तोवर रात्रीचे ताट आपल्या हातात आहे. येत्या रविवारी अर्धा किलोच आणा, पण निवडून आणा. मसाला घालण्याआधी लेकरांच्या वाट्या भरा. लेकीच्या वाटीत लेकाइतकेच तुकडे पडले काय ते पाहा. आणि बुधवारी सुकटीचा डबा उघडायला विसरू नका.

जयभीम!